नाव विचारलं नाही, म्हणून नाव कळत नाही असं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चाळीसेक जणांचा गट स्वतःचं टेलिफोन जाळं उभारतोय. मध्ये एक अ‍ॅस्टरिस्क सर्व्हर (म्हणजे कॉल जोडणारं मोफत सॉफ्टवेअर चालवणारा संगणक), प्रत्येकाला चार आकडी एक्स्टेंशन (आतला नंबर), नोंदणीला नाव-पत्ता-ईमेल काहीच नाही. पुढेमागे लोरा मेश (छोट्या रेडिओ यंत्रांचं, कमी वेगाचं जाळं) आणि जमलं तर एखादा छोटा जीएसएम (मोबाइलचा) टॉवर जोडायचा विचार आहे. याला 'निनावी फोन' म्हणता येईल का, आणि हे सगळं एका रास्पबेरी पायवर, म्हणजे तळहाताएवढ्या छोट्या संगणकावर, चालेल का?

रास्पबेरी पायचं शेवटी बघू, ते सोपं आहे. निनावीचं उत्तर मात्र 'नाही' असं आहे. मी गेली बरीच वर्षं असली छोटी जाळी उभारतो, चालवतो, दुसऱ्यांची बिघडली की निस्तरतो. असं जाळं तुम्हाला बाहेरच्या टेलिफोन कंपनीपासून थोडंफार लपवतं आणि त्याच वेळी गटातल्याच एका माणसापुढे उघडं पाडतं. तो माणूस म्हणजे सर्व्हरचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो. बहुतेक ठिकाणी तो मीच होतो, म्हणून सांगतोय.

मुळात फोन ही चीज निनावीपणाच्या विरुद्ध जाणारी आहे. चिठ्ठी कुठेतरी ठेवून देता येते, ज्याला हवी तो सवडीने येऊन घेऊन जातो. फोनचं तसं नाही. समोरच्याची घंटी आत्ता, या क्षणी वाजायला हवी, आणि ती वाजवायची तर तो फोन या क्षणी कुठे आहे हे जाळ्याला ठाऊक असावंच लागतं. मोबाइलच्या दुनियेत या नोंदवहीचं नावच 'होम लोकेशन रजिस्टर' आहे, म्हणजे 'लोकेशन' हा शब्द नावातच आहे. एसआयपी, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनमध्ये तेच काम रजिस्टर नावाचा संदेश करतो. तुमचा फोन ठरावीक वेळाने सर्व्हरला कळवत राहतो की मी अमुक आयपी पत्त्यावर, अमुक पोर्टवर आहे. बरोबर युजर-एजंटची ओळ जाते, तिच्यात बहुधा फोनचं किंवा अ‍ॅपचं नाव आणि आवृत्तीही असते. कॉल लावताना जो एसडीपीचा (आवाज कुठे पाठवायचा हे सांगणारा) भाग जातो, त्यात पुष्कळदा घरातल्या राउटरने दिलेला आतला आयपी पत्ताही असतो. यातलं काहीही तुम्ही 'विचारलेलं' नसतं. ते आपणहून येतं.

एक प्रसंग सांगतो. एका जाळ्यावर कॉलमध्ये प्रतिध्वनी येत असल्याची तक्रार होती. कुठल्या दोन फोनांमध्ये येतो ते पाहायला मी सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदींची फाइल उघडली. नावं कुठेच नव्हती, नुसती एक्स्टेंशन, वेळ आणि कालावधी. पाच-दहा मिनिटांत मला दिसू लागलं की दोन एक्स्टेंशन रोज रात्री ठरल्या वेळी तासभर बोलतात आणि शनिवार-रविवारी अजिबात बोलत नाहीत. गटातल्या माणसांची मला जेवढी तोंडओळख होती, तेवढ्यावरून ते दोघं कोण हे मला कळलं. शनिवार-रविवारी ते का बोलत नाहीत, हेही कळलं. मला ते कळायला नको होतं. फाइल बंद केली, पण कळलेलं काही पुसता येत नाही. प्रतिध्वनी एका फोनच्या स्पीकरचा आवाज मोठा ठेवल्यामुळे येत होता, त्यासाठी ती फाइल उघडायची गरजही नव्हती.

चाळीस हा आकडा इथेच घात करतो. निनावीपणा गर्दीतून येतो. लाख माणसांत 'कोणीतरी रात्री अकराला फोन केला' याला काही अर्थ नसतो, चाळीसांत तेच वाक्य बोट दाखवतं. आणि नाती ही बोटांच्या ठशांसारखी असतात. कोण कोणाशी बोलतं याचा आराखडा, नावं काढून टाकली तरी, बाहेरच्या दुसऱ्या आराखड्याशी जुळवता येतो. अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव या संगणकशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये हे ट्विटर आणि फ्लिकर या दोन संकेतस्थळांवर करून दाखवलं. दोन्हीकडे खाती असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक त्यांनी निव्वळ नात्यांच्या जाळ्यावरून ओळखले, सुमारे १२ टक्के चुकीसह. तिथे माणसं प्रचंड होती. चाळीस जणांसाठी संगणकही लागत नाही, कागद-पेन्सिल आणि गटाच्या सहलीचा एखादा फोटो पुरतो.

ठिकाणाचंही तेच. इव्ह-अलेक्सांद्र द माँजॉय आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा अभ्यास या विषयात वारंवार सांगितला जातो. १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी, ठिकाण टॉवरएवढं ढोबळ, वेळ तासाएवढी ढोबळ. तरी एखाद्याचे चार ठिकाण-वेळ बिंदू माहीत असले, तर ९५ टक्के लोकांचा माग त्या सगळ्या गर्दीतून वेगळा काढता येत होता. तुमच्या जाळ्यात टॉवर नसले तरी आयपी पत्ते आहेत. घर, कामाची जागा, मग पुन्हा घर: माणूस ओळखायला एवढ्या दोन जागा पुष्कळ झाल्या.

'आमचं सगळं एन्क्रिप्टेड असेल' असंही तुम्ही म्हणता. इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज या एका शब्दाभोवती आहेत. टीएलएस (निरोपांचं कुलूप) आणि एसआरटीपी (आवाजाचं कुलूप) चालू केलं की वाटेतल्या माणसाला आवाज ऐकू येत नाही, हे खरं. पण अ‍ॅस्टरिस्क हा दोन कॉल जोडणारा मध्यस्थ आहे. तुमच्या फोनपासून सर्व्हरपर्यंत एक कुलूप, सर्व्हरपासून समोरच्यापर्यंत दुसरं. मधल्या टप्प्यावर सर्व्हरच्या हातात आवाज उघडा असतो. कॉन्फरन्स करायची तर तो उघडा असावाच लागतो, त्याशिवाय आवाज एकमेकांत मिसळणार कसे? दोन फोनांमध्येच कुलूप लावायचं असेल तर झेडआरटीपी आहे. कॉल लागल्यावर दोन्हीकडे एक छोटा शब्द किंवा अक्षरं दिसतात, ती एकमेकांना वाचून दाखवायची, जुळली तर मध्ये कोणी बसलेलं नाही. चांगली व्यवस्था आहे. पण माझा अनुभव असा की पहिल्या आठवड्यात सगळे अक्षरं वाचतात, दुसऱ्यात हसतात आणि तिसऱ्यात थेट 'हं, बोल' म्हणतात. न वाचलेली अक्षरं म्हणजे न तपासलेलं कुलूप.

त्यातही एक बारीक फट आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. आवाज छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जातो, आणि काही कोडेक (आवाज दाबून लहान करणारी तंत्रं) आवाजाप्रमाणे पॅकेटचा आकार कमीजास्त करतात. कुलूप आकार झाकत नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये एन्क्रिप्टेड कॉलच्या नुसत्या पॅकेटच्या आकारांवरून बोलणाऱ्याची भाषा ओळखून दाखवली, आणि २००८ मध्ये ठरावीक वाक्यंही शोधून दाखवली. त्यामुळे ओपस हा कोडेक वापरत असाल तर तो स्थिर बिटरेटवर ठेवा, म्हणजे पॅकेटचा आकार सारखा राहील. बँडविड्थ थोडी जास्त जाईल, जाऊ द्या.

आणि कुलूप कितीही भक्कम असलं तरी पाकिटावरचा पत्ता उघडाच राहतो. कोणी, कोणाला, कधी, किती वेळ. याला मेटाडेटा म्हणून बाजूला सारतात, जणू तो दुय्यम आहे. व्यसनमुक्ती केंद्राला रात्री दोन वाजता गेलेला चाळीस मिनिटांचा कॉल ऐकायची गरजच काय?

'मग टॉरवरून चालवू' हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. टॉर हे इंटरनेटवर माग लपवणारं जाळं. ते फक्त टीसीपी (हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवणारी पद्धत) वाहतं, तर आवाज सहसा यूडीपीवर (कोणासाठी न थांबणारी पद्धत) जातो, कारण उशिरा आलेल्या पॅकेटचा आवाजाला उपयोग नसतो. शिवाय वाट तीन टप्प्यांची. बोलणं सहज वाटावं म्हणून एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ शिफारस सांगते. टॉरवरून तो पाळणं दैवाच्या हातात. वॉकीटॉकीसारखं बटण दाबून आळीपाळीने बोलायची तयारी असेल तर चालतं. यापेक्षा खोल अडचण वेगळी आहे. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी १९८१ मध्ये मांडलेली मिक्सनेटची कल्पना पत्रांसाठी उत्तम आहे: संदेश गोळा करा, पिसा, मग सोडा. बोलणं पिसता येत नाही. ज्या क्षणी इकडून आवाजाचा झरा सुरू होतो, त्याच क्षणी तिकडेही सुरू होतो, आणि दोन्ही टोकं पाहू शकणाऱ्याला दोन झरे जुळवायला फार डोकं लागत नाही.

जीएसएम टॉवरबद्दल थोडक्यात, कारण परवान्याशिवाय त्या वाटेला जाऊच नका. मोबाइलच्या लहरींचे पट्टे जवळपास सगळीकडे परवान्याखाली असतात, आणि प्रसारण करणारी कुठलीही गोष्ट दिशा शोधणाऱ्या अँटेनाला सापडते. लपायला म्हणून घराच्या गच्चीवर दिवा लावण्यातला हा प्रकार. त्यात दुसऱ्या पिढीच्या जीएसएममध्ये फोन टॉवरला आपली ओळख पटवतो, टॉवर फोनला पटवत नाही. आयएमएसआय (सिम कार्डाचा ओळखक्रमांक) पकडणारी यंत्रं याच दोषावर चालतात, आणि तुमचा प्रेमाने उभारलेला टॉवरही फोनांच्या नजरेतून तसाच एक अनोळखी टॉवर असतो. जीएसएमचं जुनं ए५/१ एन्क्रिप्शन तर सुरक्षा संशोधक कार्स्टन नोल यांच्या २००९ च्या कामानंतर कोणी भरवशाचं मानत नाही.

लोकांनी उभारलेले मोबाइल टॉवर म्हटलं की मेक्सिकोतल्या ओआहाका राज्याचं उदाहरण हमखास निघतं. तालेआ दे कास्त्रो या डोंगरातल्या गावात २०१३ मध्ये रायझोमॅटिका या संस्थेच्या मदतीने गावाने स्वतःचं जीएसएम जाळं सुरू केलं, कारण मोठ्या कंपन्यांना एवढ्या छोट्या गावात यायचं नव्हतं. २०१६ मध्ये तिथल्या दूरसंचार नियामकाने आदिवासी गावांच्या संघटनेला रीतसर परवानाही दिला. मला त्या कामाबद्दल मनापासून आदर आहे. पण ते जाळं निनावी असावं म्हणून उभारलेलं नव्हतं, फोन लागावा आणि परवडावा म्हणून उभारलेलं होतं. मालकी गावाची असणं आणि गावाला काही न कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट गावची मालकी म्हणजे कॉलची नोंद दूरच्या कंपनीऐवजी ओळखीच्या माणसाच्या टेबलावर. काहींना हे जास्त सुरक्षित वाटेल. नवऱ्यापासून लपून बहिणीला फोन करणारीला वाटणार नाही.

लोरा मेशचं वेड सध्या जोरात आहे. मेश्टास्टिक या लोरा सॉफ्टवेअरवर चालणारे छोटे नोड (जाळ्यातली यंत्रं) मलाही आवडतात, पण ते मजकुरासाठी. फोनवर बोलावं तसा आवाज वाहण्याएवढा वेग त्या पट्ट्यात नाही. मजकूर कुलुपात असतो, पण पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा नोड क्रमांक उघडा असतो, कारण मधल्या नोडना संदेश पुढे ढकलायचा असतो. तो क्रमांक यंत्राच्या हार्डवेअर पत्त्यावरून बनलेला असतो. मुख्य चॅनेलची मूळ किल्ली तर सगळ्या जगाला ठाऊक आहे. ती न बदलता 'एन्क्रिप्टेड आहे' म्हणणारे मी पाहिलेत. नोडमध्ये ठिकाण पाठवण्याची सोय असते ती आधी बंद करा, मग बाकीचं बोला. हौशी रेडिओच्या परवान्यावर चालवायचा विचार असेल तर तिथे अर्थ लपवणारं एन्क्रिप्शन साधारणपणे चालतच नाही.

आता जरा उलट बाजू, कारण चांगली उदाहरणंही आहेत आणि त्यांत शिकण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात फ्यूटेल नावाचा प्रकल्प जुने सार्वजनिक फोन पुन्हा रस्त्यावर बसवतो आणि लोकांना फुकट बोलू देतो. तिथे निनावीपणा कुठल्या गणितातून येत नाही. एकच फोन अनेक माणसं वापरतात, त्यामुळे फोनवरून माणूस ठरत नाही, बस्स. तुम्ही प्रत्येकाला एक्स्टेंशन देताय, म्हणजे प्रत्येकाच्या गळ्यात एक बिल्ला अडकवताय, मग त्यावर नाव असो वा नसो. दोन-तीन सामाईक फोन ठेवले असते तर चाळीस बिल्ल्यांपेक्षा जास्त आडोसा मिळाला असता. अर्थात त्याच फोनवरून कोणी रोज आपल्या आईलाच फोन करत असेल तर आईचा नंबरच त्याचं नाव सांगेल.

दुसरं उदाहरण जर्मनीतल्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकर मेळाव्याचं. वर्षाअखेरीच्या त्या मेळाव्यात स्वयंसेवक दरवर्षी एक अख्खं टेलिफोन जाळं उभारतात. लोक आपापले डीईसीटी (घरगुती कॉर्डलेस) फोन घेऊन येतात, हवं ते एक्स्टेंशन घेतात. चार दिवसांनी सगळं गुंडाळलं जातं. हजारोंची गर्दी आणि थोडे दिवस, या दोन गोष्टी कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त काम करतात. तुमचं एक्स्टेंशन तीन वर्षं तेच राहणार असेल तर ते टोपणनाव झालं, आणि टोपणनाव एकदा फुटलं की मागचं सगळं एकदम फुटतं.

'निनावी फोन' या शब्दांवर विश्वास ठेवल्याचा सगळ्यात महागडा धडा २०२१ मध्ये मिळाला. एनॉम नावाचे खास गुप्त फोन गुन्हेगारी टोळ्यांनी मोठ्या भरवशाने घेतले होते. १२ हजारांहून जास्त फोन, शंभरावर देश. ते जाळं पडद्याआडून अमेरिकेची तपास यंत्रणा एफबीआयच चालवत होती. त्या टोळ्यांबद्दल मला कळवळा नाही, पण तांत्रिक गोष्ट सगळ्यांना लागू आहे: वापरणाऱ्याला सर्व्हर दिसत नाही. तुमच्या चाळीस जणांनाही दिसणार नाही. ते तुमच्या शब्दावर विसंबतील.

म्हणून मी तुमच्या जागी काय केलं असतं ते सांगतो.

आधी गटाला एकत्र बसवून विचारलं असतं की लपायचं कोणापासून. टेलिफोन कंपनीपासून आणि जाहिरातवाल्यांपासून, असं उत्तर आलं तर तुमचं जाळं बऱ्यापैकी कामाचं आहे. एकमेकांपासून, असं आलं तर कामाचं नाही. तपास यंत्रणेपासून, असं आलं तर या प्रकल्पाने ते जमणार नाही हे स्पष्ट सांगा, आणि ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे त्याला तर यात घेऊच नका. त्याने लाखोंच्या गर्दीचं, तज्ज्ञांनी तपासलेलं अ‍ॅप वापरावं. तिथे तो निदान गर्दीत असेल.

मग सीडीआर बंद. अ‍ॅस्टरिस्क ते सुरुवातीपासून लिहू लागतो, कोणी सांगावं लागत नाही. पण नुसतं तेवढ्यावर थांबू नका. मी एकदा सीडीआर बंद करून निवांत झालो होतो. वर्षभराने सर्व्हर हलवताना सापडलं की व्हॉइसमेलच्या फोल्डरात प्रत्येक निरोपाबरोबर एक छोटी फाइल पडते, तिच्यात कॉल करणाऱ्याचा क्रमांक आणि वेळ असते. शिवाय फायरवॉलचा लॉग वेगळा, आणि ज्या भाड्याच्या यंत्रावर सर्व्हर होता त्याच्या रात्रीच्या बॅकअपमध्ये हे सगळं दिवसागणिक जपून ठेवलेलं. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून मी व्हॉइसमेल ठेवतच नाही, आणि बिघाड शोधायला लॉग चालू केला तर तो किती वाजता बंद करणार हे आधी गटाला कळवतो.

एक्स्टेंशन लोकांना निवडू देऊ नका. माणसं जन्मवर्ष नाहीतर गाडीचा नंबर निवडतात. यादृच्छिक द्या, दर काही महिन्यांनी बदला. सोय जाईल, कुरकुर होईल. आवाज दोन फोनांत थेट जाऊ द्यायचा की सर्व्हरमार्गे, हा निर्णय जाणूनबुजून घ्या: थेट ठेवला तर दोघांना एकमेकांचा आयपी पत्ता कळतो, सर्व्हरमार्गे ठेवला तर सर्व्हरमधून सगळं वाहतं. तिसरा मार्ग नाही. चाळीस अनोळखी माणसं असतील तर मी सर्व्हरमार्गे निवडेन, आणि झेडआरटीपी त्या सर्व्हरमधून आरपार जात असेल तर वर तेही.

बाहेरच्या टेलिफोन जाळ्याला जोडणारा गेटवे शक्यतो नको. तो जोडला की कोणाच्या तरी नावावर करार येतो, पलीकडची कंपनी तिच्या नोंदी ठेवते, आणि तुमच्यातल्या कोणी बाहेर शिवीगाळ केली तर दारावर थाप त्या करारवाल्याच्या पडते. आतल्या आत छळणारा निघाला तर काय, याचाही विचार हवा. नोंदणी सदस्याच्या हातून मिळालेल्या चिठ्ठीवरच ठेवा, म्हणजे नाव न कळताही दार बंद करता येतं. आणि आणीबाणीचे नंबर या फोनवरून लागत नाहीत, लागले तरी ठिकाण कळणार नाही, हे प्रत्येक यंत्रावर चिकटवा. हे मी विनवून सांगतोय.

'निनावी' हा शब्द मात्र काढा. त्याऐवजी चार वाक्यं लिहा: सर्व्हर काय पाहू शकतो, काय साठवतो, किती वेळ साठवतो, आणि पासवर्ड कोणा दोघांकडे आहे. दोघांकडेच, एकाकडे नको. एकटा माणूस कधीतरी प्रतिध्वनी शोधायला बसतो.

राहिला रास्पबेरी पाय. चाळीस फोन, एका वेळी आठ-दहा कॉल, कोडेक बदलण्याची भानगड नाही: आरामात चालेल. एकच काळजी घ्या. एसडी कार्डावरची फाइल पुसली तरी ती खरोखर पुसली जात नाही, कार्ड झीज वाटून घेण्यासाठी नवं लिखाण दुसऱ्याच जागी करतं आणि जुनं तसंच पडून राहतं. म्हणून लॉगचं फोल्डर रॅममध्ये ठेवा, म्हणजे वीज गेली की तेही गेलं. कार्डही जास्त टिकतं. माझं पहिलं कार्ड सात महिन्यांत मेलं होतं, आणि मेलं कशामुळे तर रात्रंदिवस सीडीआर लिहून.